‘सेट -ई’ की ‘ट्रॅप’ : रात्री लाइन जाणाऱ्या गावातील अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातील एका जिनिंगच्या वजनकाट्यावरील संगणक मी सांभाळतो. दिवसभरातील कापसाच्या काटापावत्यांची प्रत रात्री दुसऱ्या डिस्कवर घेणारी बॅश स्क्रिप्ट (लिनक्सच्या ‘बॅश’ या शेलमध्ये, म्हणजे कमांड चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, एकामागून एक चालणाऱ्या कमांड) माझीच असल्यामुळे, बिघाड सावरण्याचे काम ‘सेट -ई’वर (चूक होताच थांबवणारी सूचना) सोपवावे की ‘ट्रॅप’वर (ठरावीक घटना घडताच नेमून दिलेली कमांड चालवणारी सूचना), हा प्रश्न मलाच सोडवावा लागला.

‘सेट -ई’ची सोय नाकारता येत नाही, वर एक ओळ लिहिली की फसलेल्या कमांडपाशी स्क्रिप्ट थांबते. मात्र ‘इफ’च्या अटीत कमांड फसली तर ती थांबत नाही, आणि पाइपमध्ये, म्हणजे एका कमांडचे उत्तर दुसरीला देणाऱ्या साखळीत, केवळ शेवटच्या कमांडचा निकाल धरला जात असल्याने ‘पाइपफेल’ हा पर्याय वेगळा लावावा लागतो. ‘ईआरआर’वर, म्हणजे कमांड फसण्यावर, लावलेल्या ट्रॅपलाही ‘इफ’चा हाच अपवाद लागू असल्यामुळे एवढ्यापुरते दोन्ही पर्याय सारखे म्हणता येतील.

माझा निर्णय झाला तो कुलूप-फाइलीमुळे. एकाच वेळी दोनदा काम सुरू होऊ नये म्हणून स्क्रिप्ट आरंभी एक फाइल तयार करी आणि शेवटी ती पुसून टाकी. ऐन हंगामात एका रात्री लाइन गेली, यूपीएस वाजू लागला आणि चौकीदाराने संगणक रीतसर बंद केला. त्या वेळी स्क्रिप्टला ‘टर्म’, म्हणजे थांबायला सांगणारा १५ क्रमांकाचा सिग्नल मिळाला. ‘सेट -ई’ केवळ कमांडचे अपयश पाहते, सिग्नलनंतरची आवराआवर तिच्या कक्षेत येत नाही, त्यामुळे पुसण्याची ओळ चाललीच नाही. पुढच्या चार रात्री लॉगमध्ये ‘आधीच सुरू आहे’ एवढेच उमटत राहिले. ज्या पावत्यांवर शेतकऱ्यांचे चुकारे निघतात, त्यांची चार दिवसांची दुसरी प्रतच नव्हती, हे मला पाचव्या दिवशी कळले.

‘एक्झिट’वर, म्हणजे स्क्रिप्ट संपण्यावर, ट्रॅप लावला की स्क्रिप्ट नीट संपो, चुकीमुळे थांबो किंवा ‘टर्म’ने जावो, बॅश आवराआवरीची ओळ चालवते. उबुंटू या लिनक्सवर ‘एसएच’ नावाने चालते ती डॅश ही वेगळी शेल असते आणि ती सिग्नलने संपताना हा ट्रॅप चालवत नाही. तिथे ‘इंट’ (कंट्रोल-सी दाबल्यावरचा सिग्नल) व ‘टर्म’ वेगळे पकडून त्यांतून ‘एक्झिट’ करावे. शिवाय ट्रॅप कुलूप मिळाल्यावरच लावावा. मी तो आधी लावला होता, तेव्हा परत फिरणारी दुसरी स्क्रिप्ट पहिलीचेच कुलूप पुसून जात असे.

ज्या स्क्रिप्टला मागे काहीच आवरायचे नसते, तिला ‘सेट -ई’ बहुधा पुरेल, आणि माझ्या स्क्रिप्टमध्येही ती ओळ अजून आहे. तात्पुरती फाइल, कुलूप किंवा माउंट केलेली (जोडून घेतलेली) डिस्क असेल, तर मात्र मी आधी ‘एक्झिट’चा ट्रॅप लिहीन. ९ क्रमांकाचा ‘किल’ कोणालाच पकडता येत नाही, आणि यूपीएसच बसला तर ट्रॅपही चालत नाही. म्हणून कुलूप-फाइल मी आता ‘रन’ फोल्डरमध्ये ठेवतो, कारण ते मेमरीत असते आणि संगणक पुन्हा सुरू होतो तेव्हा जुनी फाइल तिथे उरलेली नसते.