स्लॅबवर एक्सपीएस, पत्र्याखाली रॉकवूल: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

इमारत दोन भागांची. पुढे सपाट स्लॅबखाली एसी ऑफिस, मागे पत्र्याचं गोदाम. उष्णता अडवायला (इन्सुलेशन म्हणून) स्लॅबवर ७५ मिमी एक्सपीएस (थर्माकोलसारखी पण जास्त घट्ट फोमची शीट) आणि पत्र्याखाली १०० मिमी रॉकवूल (दगडापासून बनवलेल्या लोकरीचं ब्लँकेट) टाकलं आहे. दोन्ही ठिकाणी एकच माल वापरला नाही, हा निर्णय योग्यच ठरला.

स्लॅबचं काम बेफिकीर राहावं इतकं चांगलं झालंय. वॉटरप्रूफिंग थेट स्लॅबवर, त्यावर एक्सपीएस, मग जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं कापड) आणि वर ५० मिमी काँक्रीट. ऊन एक्सपीएसवरच अडतं, त्यामुळे स्लॅब तापत नाही आणि वॉटरप्रूफिंगलाही झळ लागत नाही. छताला आतून थर्माकोल चिकटवला असता तर स्लॅब रोज तापला-निवला असता आणि तडे वाढले असते.

वरचं वजन मात्र कमी करू नका. पाणी तुंबलं तर ७५ मिमीच्या शीटला चौरस मीटरला साधारण ७२ किलोचा उचल मिळतो. ५० मिमी काँक्रीटचं वजन १२० किलोच्या आसपास भरतं, म्हणून शीट जागेवर राहते. नाळीचं तोंड काँक्रीटच्या आणि वॉटरप्रूफिंगच्या अशा दोन्ही पातळ्यांवर उघडं हवं. शीट चिकटवायची असेल तर सॉल्व्हंटचा गोंद चालत नाही, त्यात एक्सपीएस विरघळतं.

गोदामात खरी कसोटी लागते. पावसाचा पत्र्यावरचा आवाज खूपच कमी झाला, आग लागली तरी रॉकवूल पेट घेत नाही. पण पर्लिनवर (पत्रा ज्यावर बसतो त्या आडव्या पट्ट्यांवर) ब्लँकेट ताणून वरून पत्रा स्क्रूने आवळला की तिथे १०० मिमीचे जेमतेम १०-१५ मिमी उरतात. दुपारी इन्फ्रारेड थर्मामीटर फिरवला की पर्लिनच्या ओळी स्पष्ट गरम दिसतात. लोकर दबू नये म्हणून पर्लिन आणि पत्रा यांच्यामध्ये अंतर राखणारे स्पेसर ब्लॉक टाकायलाच हवेत. नंतर बसवायचे तर सगळा पत्रा उघडावा लागतो.

दुसरी अडचण दवाची. रात्री निरभ्र आकाशाखाली पत्रा हवेपेक्षाही थंड होतो, आतली दमट हवा त्याला लागली की पाणी सुटतं. ते लोकरीत मुरलं की इन्सुलेशन गेलंच. म्हणून इथे वाफ अडवणारी फॉइल खालच्या बाजूला, जोड ७५ मिमी एकमेकांवर आणि फॉइल टेप. धूळ न पुसता लावलेली टेप पावसाळ्यात सुटली, पुसून लावलेली आजही घट्ट आहे. कायम एसी असलेल्या दमट हवामानातल्या खोलीसाठी गणित उलटं: तिथे वाफ बाहेरून आत येते, त्यामुळे अडथळा बाहेरच्या बाजूला हवा.

जाडीबद्दल एवढंच, की ५० चे १०० मिमी केले तर त्या थरातून येणारी उष्णता निम्मी होते, १०० चे १५० केले तर उरलेल्यातली तिसरा हिस्साच वाचते. तो जादा पैसा आधी स्पेसर आणि टेपवर घाला. उंची कमी असेल तर पीआयआर (कमी जाडीत जास्त उष्णता अडवणारा फोम) बघा, साधारण ६५ मिमीत १०० मिमी रॉकवूलचं काम होतं. ऑफिसच्या पश्चिमेच्या काचेतून येणाऱ्या उन्हावर यातल्या कशाचाही उपयोग नाही. तिथे बाहेरून सावलीच करावी लागते.