कुडाळजवळच्या दुकानातलं मुठेल, सोलं आणि आगळ, सहा महिने वापरल्यावर

मे महिन्यात गावी गेलो होतो तेव्हा कुडाळहून मालवणला जाताना रस्त्याला लागूनच एका घरगुती उद्योगवाल्यांचं दुकान दिसलं, अंगणात रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, सालं वाळत घातलेली आणि सारवलेली जमीन पण लालजांभळी झालेली, म्हणून गाडी थांबवली. तिथून सोलं (कोकमाची वाळवलेली सालं) अर्धा किलो, आगळाच्या (सालीच्या खारट रसाच्या) दोन बाटल्या आणि मुठेलाचे तीन गोळे आणले. आता नोव्हेंबर आलाय, आगळ संपलं, सोलं संपत आलीत, मुठेलाचा एक गोळा शिल्लक आहे, तर आता सविस्तर लिहिते. सोलकढीबद्दल सगळेच लिहितात, मला मुठेलाबद्दल लिहायचंय कारण इतक्या चांगल्या वस्तूला मुंबई-पुण्यात कोणी विचारत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल. तेल म्हणायचं पण असतं घट्ट, मेणासारखं. मुठीत दाबून गोळा करतात म्हणून मुठेल, गोव्यात भिरंडेल म्हणतात कारण तिकडे फळाला भिरंड म्हणतात.

दुकानाच्या काकींनी मागच्या पडवीत नेऊन सगळं दाखवलं, तेही सीझनच्या घाईत, याचं मला फार कौतुक वाटलं. एक पिकलेला रातांबा मधोमध कापून हातात दिला. बाहेरची जाड लाल साल म्हणजे वजनाने जवळपास निम्मं फळ, आत पांढरट आंबटगोड गर आणि त्या गरात चिकटून बसलेल्या पाच ते आठ बिया. म्हणजे आपण बाजारातून "कोकम" म्हणून आणतो ती नुसती साल असते, फळाचा बाकी अर्धा भाग आपल्यापर्यंत येतच नाही. बऱ्याच ठिकाणी सालं काढली की बिया परसात ढीग करून टाकतात. इथे बियांसाठी वेगळी टोपली होती, शेजारपाजारचे लोक पण सुक्या बिया आणून देतात आणि काकी त्या वजनावर विकत घेतात. मी विचारलं एवढी मेहनत कशाला, तर म्हणाल्या, "त्याल तर बियेतच असा."

आणि ते खरंच आहे. सुक्या बियांत साधारण पाव हिस्सा तेल असतं. मी बी.एस्सी.ला बॉटनी केलं असल्यामुळे मला राहवलं नाही, एक बी फोडून बघितलीच. आपण वाल मोड आणून सोलतो तेव्हा प्रत्येक दाण्याच्या दोन डाळिंब्या होतात ना, त्या डाळिंब्या म्हणजे बीजपत्रं, रोपाची शिदोरी त्यांच्यात भरलेली असते. शेंगदाणा पण तसाच, दोन पाकळ्या आणि मध्ये छोटं टोक. नारळात शिदोरी वेगळ्या जागी, खोबरं हे बीजपत्र नव्हे, तो भ्रूणपोष, आणि भ्रूण म्हणजे डोळ्याखाली बसलेला इवलासा खुंट. कोकमाच्या बीत यातलं काहीच सापडत नाही. दोन भाग होत नाहीत, बीजपत्रं जवळजवळ नसल्यातच जमा, आणि जो सगळा गच्च भरलेला गाभा दिसतो तो भ्रूणाचा खोडाकडचा भाग, त्याला अधराक्ष म्हणतात, आणि सगळी चरबी त्यातच. मॅंगोस्टीन पण याच कुळातलं, त्याचं पण असंच. कॉलेजात हे वाचलं होतं पण हातात धरून बघितलं ते इथे, काकींच्या पडवीत.

तेल काढायची पद्धत अशी की बिया धुऊन खडखडीत वाळवायच्या, टरफल काढून आतला गाभा कुटायचा, मग मोठ्या पातेल्यात पाणी घालून चुलीवर बराच वेळ उकळायचा. तेल वर तरंगतं, ते पळीने काढून घ्यायचं, थंड झालं की गोठतं, मग मुठीने गोळे वळायचे. काकींच्या गोळ्यांवर बोटांचे ठसे स्पष्ट दिसतात.

रंग पांढराशुभ्र नाही, किंचित पिवळट-राखाडी, आणि नाकाजवळ नेलं की हलका वास येतो. नेटवर जे एकदम पांढरं, बिनवासाचं कोकम बटर मिळतं ते रिफाईन केलेलं असतं, त्यात वाईट काही नाही, क्रीमवाले तेच वापरतात, पण घरच्याची ओळख ही. दुसरी ओळख वितळण्याची. मुठेल चाळीस अंशांच्या आसपास वितळतं. मागच्या वर्षी मी दुसरीकडून एक वडी घेतली होती, नाव सांगत नाही, ती एप्रिलमध्ये घरात कपाटात ठेवलेली असताना पातळ झाली, आमच्या डोंबिवलीच्या घरात चाळीस अंश काही होत नाही, तेव्हाच समजलं की हे निखळ मुठेल नाही. काकींचे गोळे मे महिन्यात गावाहून गाडीने आले, मग इथे उघड्या फळीवर होते, जराही आकार बदलला नाही. बोटाने घासलं की मात्र अंगाच्या उबेने हळूहळू विरघळतं.

आमच्याकडे वापर मुख्यतः पायांच्या भेगांना. सासूबाईंना साखर आहे, टाचा फार फुटतात, क्रीम लावून कंटाळल्या होत्या. रात्री गरम पाण्याने पाय धुऊन, मुठेल पळीत जरा गरम करून लावायचं आणि मोजे घालून झोपायचं, तीन आठवड्यांत टाचा मऊ पडल्या, आता त्या आपणहून मागतात. (साखरवाल्यांनी भेग खोल असेल, रक्त येत असेल तर आधी डॉक्टरला दाखवा, घरचे उपाय नंतर.) ओठांना मी स्वतः लावते, चिकट वाटत नाही. गावाकडे पूर्वी भाकरीवर तुपासारखं लावून खायचे, मी नाचणीच्या गरम भाकरीवर एकदा लावून बघितलं, चव फार सौम्य आहे, पण भाकरी गार झाली की टाळूला थर बसतो, त्यामुळे गरमच खा. तो थर बसतो त्याच गुणामुळे चॉकलेटवाल्यांना हे तेल हवं असतं, खोलीत कडक राहणारं. युरोपियन युनियनच्या २००० सालच्या चॉकलेटच्या नियमात कोको बटरशिवाय ज्या सहा वनस्पती तेलांना मर्यादित परवानगी आहे त्यात कोकम आहे, आंब्याच्या कोयीचं तेल पण आहे. आपल्या परसातल्या उकिरड्यावरची बी आणि कोय तिथे यादीत आहे, हे वाचलं तेव्हापासून मी कोय पण टाकताना दोनदा विचार करते.

आता सोलं. ती चांगली आहेत, मऊ, मांसल, काळपट जांभळी. काकी सालं एकदा वाळवून थांबत नाहीत, गराच्या रसात मीठ घालून त्यात बुडवून परत वाळवतात, असं पाच-सहा वेळा. बाजारात जी कोरडी चामड्यासारखी सोलं मिळतात ती बहुतेक एकदाच वाळवलेली असतात, आमटीत टाकली तर रंगच सुटत नाही. यांची दोन सोलं डाळीला पुरतात. मीठ मात्र माझ्या चवीला जास्त आहे, आमटीत मीठ शेवटी घाला. आणि ही वस्तू मेच्या शेवटापर्यंतच घ्या, फळ एप्रिल-मेमध्ये पिकतं आणि पाऊस लागला की वाळवण बंद पडतं, ओलसर राहिलेल्या सोलांना बुरशी येते. काकींनी स्वतःच सांगितलं की जूनमध्ये आलात तर सोलं मागू नका.

आगळ ठीक. साखर नाही, रंग नाही, निव्वळ सालीचा खारट रस. सोलकढीला उत्तम, नारळाच्या दुधात पडलं की तो गुलाबी रंग येतो, एका फळाची साल आणि दुसऱ्या फळाचं खोबरं, बाकी लसूण-मिरची. पण पॅकिंग कमकुवत आहे. प्लास्टिकच्या बाटलीचं झाकण सैल, एक बाटली गाडीत गळली आणि माझी पांढरी ओढणी कायमची गेली. घरी आणल्यावर काचेच्या बाटलीत काढून ठेवा, आणि पितळ-अॅल्युमिनियमच्या भांड्याला लावू नका, रस फार आंबट असतो, भांडं खातो.

दुसरी तक्रार, मुठेलावर लेबलच नाही. कधी बनवलं ती तारीख तरी चिकटवावी, मी फोनवर तसं सांगितलं, काकींच्या सुनेने पुढच्या सीझनला करू म्हटलंय.

किंमत: मुठेलाचा साधारण शंभर ग्रॅमचा गोळा १२० रुपये, सोलं अर्धा किलो २५० ला, आगळ ७०० मिलीची बाटली १३० ला. मुठेलाची मेहनत बघता मला ते स्वस्त वाटलं.

त्यांच्याकडे कोकमाची कलमं पण होती, दापोली विद्यापीठाची कोकण अमृता. ज्यांना जागा आहे त्यांनी रोप न लावता कलमच घ्या. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, बी लावून आलेलं रोप कुठलं निघेल ते फुलं येईपर्यंत कळत नाही, आणि त्यात सहा-सात वर्षं जातात. आमच्या गावच्या घरामागे माझ्या चुलतसासऱ्यांनी चार रोपं लावली होती, तीन नर निघाली. मी दोन कलमं घेतली, ती जूनमध्ये लावली, दोन्ही जगलीत.

मुठेल कुरिअरने पाठवतात, आगळ पाठवत नाहीत. दुकान सकाळी नऊला उघडतं, दुपारी दीड ते चार बंद.