ई-मायग्रेट पोर्टल: चिपळूण-खेडच्या नर्सना कितपत उपयोगी?

आखातात निघालेल्या नर्सने सर्वांत आधी उघडावं ते सरकारचं ई-मायग्रेट, परदेशी नोकरीला जाणाऱ्यांसाठीचं पोर्टल. नोकरी लावून देणारा एजंट शोधण्याची सोय उत्तम आहे. परवाना क्रमांक टाका, तो चालू आहे की निलंबित, लगेच कळतं. मात्र गावोगावी पासपोर्ट गोळा करणारे 'सब-एजंट' इथे सापडणार नाहीत, कारण कायद्यात त्यांना जागाच नाही. नोंदणीकृत एजंट जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 35,400 घेऊ शकतो. पावती घ्याच.

ईसीआर यादीतल्या (नोकरीला जाण्याआधी सरकारी तपासणी लागणाऱ्या) 18 देशांत जाणाऱ्या नर्सला, पासपोर्ट ईसीआर असो वा नसो, सरकारची परवानगी लागते. 'आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिथे बदलू' असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा. अशाने पोर्टलवर नोकरीच्या कराराची नोंद राहत नाही आणि पगार अडला की हातात कागद नसतो.

पोर्टल जे सांगत नाही ते नावाचं. डिप्लोम्यावर माहेरचं, पासपोर्टवर सासरचं, नर्सिंग कौन्सिलच्या नोंदीत तिसरंच स्पेलिंग. डेटाफ्लोची (आखाती देशांसाठी प्रमाणपत्रं तपासणारी कंपनी) पडताळणी इथेच अडकते. म्हणून पैसे भरण्याआधी तिन्ही जुळवून घ्या. प्रमाणपत्रांवरचे शिक्के देशागणिक वेगळे: सौदी, ओमानला अपोस्टिल (परराष्ट्र मंत्रालयाचा परदेशात चालणारा शिक्का) पुरतं, यूएईला परराष्ट्र मंत्रालयानंतर यूएईच्या दूतावासाचाही लागतो.

माहितीला पाचपैकी चार. नावांच्या घोळाबद्दल सांगायलाच हवं होतं, म्हणून एक कापला.