जबडा रुंद करून देतो म्हणाले, ८२,५०० रुपये घेतले

मी ३६ वर्षांची आहे, नोकरी करते, कागद वाचून सही करते. तरी फसले. हसताना दोन्ही गालांच्या आत काळी पोकळी दिसते म्हणून ज्या बायका फोटोत तोंड मिटून उभ्या राहतात, त्यांना कळेल मी तिथे का गेले.

पुण्यातलं चकचकीत क्लिनिक. तोंडात कॅमेरा फिरवून स्कॅन, मग पडद्यावर माझंच रुंद हसू. "मॅडम, ऑपरेशन नाही, तारा नाहीत. काढता-घालता येणारी प्लेट, सहा महिन्यांत जबडा रुंद." १८,००० तिथल्या तिथे भरले. उरलेल्या ६४,५०० चं कर्ज माझ्याच मोबाइलवर, ५,३७५ चे १२ हप्ते.

मी विचारलं होतं, "एक्स-रे नाही काढायचा?" पांढऱ्या कोटातली मुलगी म्हणाली, "स्कॅनमध्ये सगळं येतं." तिथेच उठायला हवं होतं! त्या स्कॅनमध्ये दात आणि हिरड्या दिसतात, आतलं हाड नाही, मुळं नाहीत. तिच्या कोटावर नाव होतं, नावापुढे डॉक्टर नव्हतं. मी ते वाचलं, आणि तरी ओटीपी सांगितला. समोर तीन जणी बसून घाई करत असताना कोणाचंही तेच झालं असतं.

दर रविवारी रात्री बारीक किल्लीने प्लेटचा स्क्रू बाणाच्या दिशेने एक खाच फिरवायचा. चौथ्या महिन्यात मागचे दात एकमेकांवर बसेनात, पोळीचा घास तुटेना. उजव्या दाढेची हिरडी वर सरकली, गार पाणी लागलं की कळ.

शेवटी एमडीएस (दातांच्या डॉक्टरची पुढची पदवी) ऑर्थोडॉन्टिस्टकडे, म्हणजे वाकडे दात आणि जबडा जुळवणाऱ्या तज्ज्ञांकडे गेले. त्यांनी ८०० रुपयांत सगळं सांगितलं. तोंडातल्या टाळूच्या मधली, दोन हाडं जोडणारी शिवण वाढत्या वयात उघडी असते, नंतर बहुतेकांची जुळून घट्ट होते. मग अशा प्लेटने हाड रुंदावत नाही, दाढा बाहेर कलंडतात. हाडच रुंद करायचं तर टाळूत छोटे स्क्रू बसवून लावलेला एक्सपांडर नाहीतर शस्त्रक्रिया, आणि आधी सीबीसीटी, म्हणजे हाड आणि मुळं दाखवणारा थ्रीडी एक्स-रे. थोड्याशा फरकासाठी ब्रेसेस किंवा अलाइनर (दातांवर बसणारे पारदर्शक साचे) चालतात, तेही हाड सोसेल तेवढंच. म्हणून आधी डॉक्टरचा नोंदणी क्रमांक मागा. एमडीएस कशात, तेही विचारा.

क्लिनिक म्हणतं, "तुम्ही प्लेट कमी तास घातली." मी ती झोपेतसुद्धा काढली नाही! पोलीस चौकीत दोन तास बसवून सांगितलं, हे दिवाणी प्रकरण आहे. दातांच्या डॉक्टरांची नोंदणी बघणाऱ्या कार्यालयात गेले तर डॉक्टरचं नाव द्या म्हणाले. अहो, डॉक्टर तोंडात बघायला आलाच नाही हीच तर माझी तक्रार आहे! तीन खेपा, तीन रजा, हातात पोचसुद्धा नाही. कर्जवाले म्हणतात उपचाराशी आमचा संबंध नाही, हप्ता चुकवू नका. क्लिनिकमध्ये बसून कर्ज घेऊ नका.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, हे मला तिथल्या शिपायाने सांगितलं. पावत्या, व्हॉट्सॲपवरचे मेसेज, ती प्लेट आणि किल्ली, सगळं एका डब्यात ठेवलं आहे. सात हप्ते गेले, आठवा ५ तारखेला आहे.