जेटच्या मॉडेलला कोणता रंग: लॅकर की पाण्याचं अ‍ॅक्रिलिक?

हातात एअरब्रश आहे, १/४८ प्रमाणातलं प्लास्टिकचं जेट जुळवून होत आलंय आणि आता रंगांच्या बाटल्या घ्यायच्यात, अशा माणसासाठी हे लिहितोय. टामिया या जपानी मॉडेल कंपनीच्या रंगांच्या एक्स आणि एक्सएफ मालिका मुद्दाम बाजूला ठेवतो. त्या अ‍ॅक्रिलिक म्हणवल्या जातात, पण लॅकर थिनरमध्येही उत्तम मिसळतात आणि मग बऱ्याचशा लॅकरसारख्या वागतात. इथली तुलना अस्सल लॅकरची, म्हणजे उग्र वासाच्या सेंद्रिय द्रावकातल्या रंगाची, आणि ड्रॉपर बाटलीत येणाऱ्या पाण्याच्या अ‍ॅक्रिलिकची आहे.

आधी वासाचं, कारण तिथे वाद नाही. लॅकर फवारायचं तर हवा घराबाहेर टाकणारा स्प्रे बूथ हवा आणि सेंद्रिय वाफा शोषणाऱ्या कार्ट्रिजचा मास्क हवा. धुळीचा साधा मास्क रंगाचे कण अडवतो, वाफ अडवत नाही. ही सोय होण्यासारखी नसेल, किंवा रंगकाम चालतं त्याच खोलीत कुणी झोपत असेल, तर निवड झालीच आहे. अ‍ॅक्रिलिक घ्या.

ब्रशचं कामही अ‍ॅक्रिलिकनेच करावं. इजेक्शन सीटचे पट्टे, बाजूच्या पॅनलवरची बटणं, वैमानिकाचं हेल्मेट, सगळं. लॅकरचा दुसरा हात ब्रशने द्यायला गेलं की पहिला हात विरघळून वर येतो. त्यामुळे कॉकपिटसाठी आठ-दहा अ‍ॅक्रिलिक बाटल्या माझ्या मते सगळ्यांकडे असाव्यात. प्रश्न उरतो तो बाहेरच्या अंगाचा.

उदाहरणाला अमेरिकी नौदलाचं एफ/ए-१८ घ्या. वरच्या बाजूला एफएस ३६३२०, खालच्या बाजूला एफएस ३६३७५ (एफएस म्हणजे अमेरिकी सरकारी रंगक्रमांक), दोन्ही करडे, आणि त्यांची सीमारेषा मऊ. १/४८ मध्ये ही मऊ कड एक-दोन मिलिमीटरपेक्षा रुंद झाली की विमान खेळण्यासारखं दिसायला लागतं. एवढी बारीक कड मोकळ्या हाताने काढायची तर एअरब्रशची सुई पृष्ठभागापासून दोन-तीन सेंटिमीटरवर, हवेचा दाब १२ पीएसआयच्या आसपास आणि रंग चांगला पातळ लागतो. लॅकरला एक भाग रंग आणि दोन भाग लेव्हलिंग थिनर पुरतं. त्या थिनरमध्ये वाळणं लांबवणारा घटक असतो, म्हणून रंग पोहोचेपर्यंत ओला राहतो आणि पडल्यावर सपाट बसतो.

अ‍ॅक्रिलिकला इतक्या कमी दाबावर सुईच्या टोकाशी वाळायची सवय आहे. तिथे इवलासा गोळा धरतो, फवारा क्षणभर अडतो, आणि मग एकदम शिंतोडे. त्यावर उपाय आहे. त्याच कंपनीचं थिनर वापरा, फ्लो इम्प्रूव्हरचे (रंग वाहता ठेवणाऱ्या द्रवाचे) दोन-चार थेंब टाका, दाब १५ ते २० पीएसआय ठेवा आणि दर काही मिनिटांनी क्लीनरमध्ये भिजवलेल्या ब्रशने टोक पुसा. सवय झाली की यातलं काही जाचत नाही. फक्त दाब वाढवला की फवारा रुंदावतो आणि ती मऊ कड हातची जाते. तरी एवढ्यावरून मी अ‍ॅक्रिलिकला नको म्हणणार नाही. कड साधायला मास्क म्हणून लावायच्या ब्लू टॅकच्या (चिकट मातीसारख्या पुट्टीच्या) वळ्या आहेतच.

माझ्यासाठी पारडं झुकलं ते वेगळ्याच कारणाने: रंग दिल्यानंतर सापडणारा सांधा.

जेटला लांब सांधे फार. पाठीच्या कण्यावरून जाणारा, इनटेकच्या तळाचा, पंखाच्या मुळाशी असलेला. प्रायमरच्या (रंगाखालच्या पहिल्या थराच्या) मॅट पृष्ठभागावर ते बुजल्यासारखे वाटतात. डेकलसाठी (विमानावर चिकटवायच्या खुणा-अक्षरांसाठी) चकचकीत पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, दिला आणि विमान दिव्याखाली तिरकं धरलं की केसाएवढी रेघ उठून दिसते. कितीही काळजी घेतली तरी एखादी राहतेच.

लॅकरवर ही रेघ तासा-दीड तासात जाते. १००० नंबरच्या वॉटर पेपरने जागा उघडी करायची, सुपरग्लू भरायचा आणि तासाभराच्या आत घासायचा. नंतर तो प्लास्टिकपेक्षा कडक होतो आणि घासताना शेजारचं प्लास्टिकच खोल जातं. मोडलेली पॅनल लाइन (पत्र्यांच्या जोडाची कोरलेली रेघ) स्क्रायबरने, म्हणजे कोरणीने, परत ओढायची. मग २००० नंबरने रंगाची कड शून्यापर्यंत उतरवायची. लॅकर पिठासारखं घासलं जातं, त्यामुळे रंग कुठे संपतो ते बोटाला लागत नाही. वर प्रायमरचा पुसटसा फवारा, मग तोच रंग जास्त पातळ करून तीन-चार हलके हात. नवा थर जुन्यात थोडा विरघळून बसतो आणि जोड दिसत नाही.

अ‍ॅक्रिलिकची पातळ कातडी असते. पेपर फिरवला की ती कापली जात नाही, गुंडाळली जाते आणि कड फाटक्या कागदासारखी होते. पॉलियुरेथेन असलेले पाण्याचे प्रायमर यात सर्वांत हट्टी. आठवडाभर वाळू दिलं तर फरक पडतो, पण कड पूर्ण उतरत नाही, निदान माझ्या हाताने तरी. वरून कितीही रंग दिला तरी ती पायरी राहते. पुढे पॅनल लाइनसाठी वॉश (खाचांत उतरणारा अगदी पातळ गडद रंग) फिरवला की काळा रंग नेमका त्या पायरीत साचतो आणि विमानावर कधीच नसलेली एक पॅनल लाइन तयार होते. मग पर्याय दोनच: ती बाजू पूर्ण खरवडून नव्याने रंगवणं, नाहीतर डोळ्यांआड करणं.

मास्किंग टेपबरोबर रंग उखडतो, त्याचं मूळही इथेच. लॅकर खालच्या थरात थोडं रुतून बसतं. अ‍ॅक्रिलिक वरवर चिकटतं, म्हणून त्याला टेप लावण्याआधी २४ तास द्यावेत, टेपचा चिकटपणा काचेवर दोनदा लावून कमी करावा आणि काढताना ती स्वतःवर दुमडत ओढावी. रेडोम (नाकावरचं रडारचं आवरण), कॅनोपीची चौकट, नोझलजवळचा उघडा धातू असं चार ठिकाणी मास्किंग असलं की चार दिवस गेले. लॅकरवर तासाभरात टेप लावता येते.

मिग-२१ सारखं उघड्या धातूचं विमान असेल तर मात्र मी आग्रहच धरीन. धातूचे रंग बहुतेक लॅकरचेच असतात आणि खाली आरशासारखा काळा लागतो. तो काळा पाण्याच्या अ‍ॅक्रिलिकचा असला तर वरच्या लॅकरमुळे त्याला बारीक चिरा पडण्याचा धोका राहतो.

तरीही अ‍ॅक्रिलिकच घ्यायचं ठरलं, पण बूथ आणि कार्ट्रिजच्या मास्कची सोय असेल, तर निदान प्रायमर लॅकरचा घ्या, मिस्टर सरफेसर १५०० सारखा. एका बैठकीत तो उरकतो. त्यावर लगेच रंग देऊ नका. आधी सांध्यांवरून चकचकीत काळ्याचा पातळ हात फिरवा आणि विमान दिव्याखाली तिरकं धरून सगळ्या बाजूंनी बघा. जी रेघ दिसेल ती तिथेच भरा, पुन्हा काळा द्या, पुन्हा बघा. तो काळाही लॅकरचाच हवा, म्हणजे घासता येतो.