जुन्या फोटोतलं मशीन ओळखून देणारे जळगावचे काका

५ पैकी ४ स्टार. एक का कापला ते खाली येईलच.

आमच्या घरी पणजोबांचा एक फोटो आहे. पणजोबा खुर्चीवर, बाजूला नऊवारीत पणजी उभी, आणि मधे स्टुलावर मोठ्ठा भोंगा असलेलं मशीन. लहानपणापासून ऐकतोय की हा एडिसनचा फोनोग्राफ आणि फोटो लग्नाच्या वर्षीचा, म्हणजे १८९८ चा. भुसावळचा एक मित्र म्हणाला जळगावात जुन्या गावात एक काका आहेत, रेडिओ-ग्रामोफोन रिपेअर करतात, फोटो दाखवला तर मशीन पण ओळखून देतात. (दुकानाचं नाव टाकत नाही, त्यांनीच नको म्हटलंय.)

काकांनी फोटो हातात घेतला, भिंग लावलं आणि अर्ध्या मिनिटात म्हणाले, "हाई फोनोग्राफ नई शे भो." माझा चेहराच पडला.

मग त्यांनी जे समजावलं त्याचेच हे चार स्टार. आपण सगळे भोंगा बघतो, काका भोंग्याकडे शेवटी बघतात. आधी भोंग्याचं बारीक टोक कुठं जातं ते बघायचं. फोनोग्राफवर तबकडी नसते, मेणाचा सिलिंडर असतो, साधारण चार इंच लांब, आणि आवाज काढणारा भाग त्याच्यावरून एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरळ सरकत जातो, म्हणून लांब भोंगा असला तर तो पुढच्या बाजूला एका दांडीला साखळीने टांगलेला असतो आणि रबरी नळीने जोडलेला. आमच्या फोटोत भोंगा मागून, पेटीच्या पाठीवरच्या लोखंडी ब्रॅकेटमधून वर आलाय आणि पुढे वाकलाय. म्हणजे तबकडीवाला ग्रामोफोन. तबकडी फोटोत दिसतच नाही, कॅमेरा पेटीच्याच उंचीवर असल्यामुळे नुसती एक काळी रेघ दिसते, ती मी इतकी वर्षं पेटीचं झाकण समजत होतो 😅 एडिसनच्या पेटीचं झाकण वेगळंच असतं, जुन्या शिलाई मशीनवर असायचं ना तसं गोलसर लाकडी, वर हँडल.

वर्षाचं पण तेच. पाकळ्यापाकळ्यांचा फुलासारखा भोंगा १९०५ च्या आसपासपासून दिसायला लागतो, त्यामुळे १८९८ गेलं. काका म्हणाले मशीन फक्त "याच्या आधीचा नाही" एवढंच सांगतं, नंतरचा कितीही असू शकतो, कारण घेतलेलं मशीन लोक वीस-वीस वर्षं वापरायचे. आपल्याकडचं रेकॉर्डिंगच मुळात १९०२ ला कलकत्त्यात गौहर जान वगैरेंपासून जोरात सुरू झालं, त्याआधी लग्नात तबकडी लावणार तरी कोणाची?

पप्पा सोबत होते, ते ऐकेनात. म्हणे कुत्र्याचं चित्र होतं हो त्याच्यावर, मी लहानपणी पाह्यलंय. काका हसले. त्या कुत्र्याच्या मूळ चित्रात खरंच सिलिंडरवाला फोनोग्राफ होता, १८९९ मधे चित्रकाराने तो खोडून वर ग्रामोफोन रंगवला, तेव्हा ग्रामोफोन कंपनीने घेतलं. म्हणजे छाप कुत्र्याची असेल तर उलट ग्रामोफोनच!

आणि खरा झटका पुढे होता. काकांनी कपाटातून दुसऱ्याच कुठल्यातरी कुटुंबाचा फोटो काढला. मागे तोच रंगवलेला पडदा, तेच स्टूल, तेच मशीन, खालच्या पाकळीवरचा पोचासुद्धा तोच. म्हणजे मशीन स्टुडिओवाल्याचं होतं, आमचं कधी नव्हतंच. पप्पा परत येताना पाचोऱ्यापर्यंत बोलले नाहीत.

मावशीचा अमळनेरचा फोटो पण नेला होता. त्यात भोंगाच नाही, नुसती उघडी सुटकेस. हा पोर्टेबल, भोंगा आतच दडलेला असतो. एचएमव्हीचा (त्याच कुत्र्याच्या छापाचा) १०२ नंबरचा का असं विचारलं तर म्हणाले कोपरा कापलाय, मॉडेल नंबर सांगणार नाही. हे मला आवडलं, उगाच फेकाफेकी नाही.

आता कापलेला स्टार. दुकानात पुढेच चकचकीत पितळी भोंग्याचे सात-आठ ग्रामोफोन मांडलेत, ते सगळे नवीन बनवलेले शोपीस. विचारलं तर काका सरळ सांगतात, पण पाटी कुठंच नाही, एखादा अँटिक समजून घेऊन जाईल. वरून मोबाईलवरचा फोटो बघतच नाहीत, मूळ प्रत किंवा मोठी प्रिंट आणा म्हणतात, आणि पहिल्या फेरीत दोन तास बसवून "आज लाईट नाही" म्हणून परत पाठवलं. लिहून पण काही देत नाहीत, वही-पेन आपलं न्यायचं. फी मात्र दोन फोटोंचे तीनशे, त्यात चहा.

जाणार असाल तर सकाळी जा, उजेड असतो. फोटो फ्रेममधून काढून न्या, आमच्या फ्रेमच्या पट्टीखाली चावीची मूठ झाकली गेली होती, ती बाहेर आल्यावरच पप्पांनी वाद सोडला.