कोपर्निकस ब्राउझर भूगोलाच्या तासाला: कोकणात वापरताना पंचांग जवळ ठेवा

वाळूचा दांडा शिकवायला मालवणजवळच्या देवबागसारखी जागा नाही. कर्ली नदी समुद्राला टेकायला येते, पण लगेच मिळत नाही. दक्षिणेकडे वळून वाळूच्या चिंचोळ्या पट्टीला समांतर वाहते आणि पट्टी संपते तिथे संगम होतो. फळ्यावरच्या आकृतीत हे मुलांना पटत नाही, वरून घेतलेल्या चित्रात चटकन कळतं. अशी चित्रं मोफत दाखवणाऱ्या साधनांत किनाऱ्यावरच्या शाळांसाठी युरोपीय संघाचं कोपर्निकस ब्राउझर आम्ही पहिल्या क्रमांकावर ठेवतो.

यात सेंटिनेल-२ उपग्रहांची २०१५ पासूनची चित्रं आहेत. एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे १० मीटर. सिंधुदुर्ग किल्ल्याचं बेट छान दिसतं, शाळेचं छप्पर ओळखू येत नाही. छप्पर आणि विहीर दाखवायची तर गूगल अर्थ बरं. भूरूपांचे आणि जमीनवापराचे तयार नकाशे हवेत तर इस्रोचं भुवन. पण साधारण दर पाच दिवसांनी नवं चित्र आणि हवी ती तारीख निवडायची सोय, ही कोपर्निकसची खरी ताकद.

नुसतं पाहायला खातं लागत नाही. टाइमलॅप्ससाठी आणि चित्रं उतरवून घेण्यासाठी मात्र मोफत खातं आधीच काढून ठेवा. गाव शोधा, सेंटिनेल-२ मधला एल-२-ए हा प्रकार निवडा (यात वातावरणाचा धूसरपणा दुरुस्त केलेला असतो), मग तारीख. ढगांची मर्यादा १० टक्क्यांवर आणून ठेवण्याची चूक बहुतेक जण करतात. ती टक्केवारी सुमारे ११० किलोमीटर लांब-रुंद चौकोनाची असते. सगळे ढग सह्याद्रीवर अडकलेले आणि किनारा लख्ख, असं चित्र त्या गाळणीत हकनाक बाद होतं. ४० टक्क्यांपर्यंत ठेवा आणि डोळ्यांनी निवडा.

आता भरती-ओहोटी. इथे बहुतेक धडे फसतात. उपग्रह विषुववृत्त ओलांडतो तेव्हा तिथे स्थानिक सौर वेळ साधारण साडेदहा असते. रत्नागिरीचं रेखावृत्त सुमारे ७३.३ अंश, प्रमाणवेळेचं ८२.५. फरक ९.२ अंश, दर अंशाला ४ मिनिटं, म्हणजे ३७ मिनिटं. म्हणून आपल्या घड्याळात चित्राची वेळ नेहमी अकरा-सव्वाअकराच्या आसपास येते. हे गणित मुलांकडूनच करून घ्या, रेखावृत्त आणि वेळेचा पाठ तिथेच होतो. मग किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक असलेला हिशेब लावा: तिथीच्या पाऊणपट वाजता भरती. पौर्णिमा म्हणजे १५, पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे चित्रात ऐन भरती. अष्टमीला भरती सहाला, म्हणून चित्रात जवळजवळ ओहोटी. एकाच महिन्यातली ही दोन चित्रं शेजारी ठेवली की संगमाजवळची वाळू पंधरवड्यात वाढल्यासारखी भासते. वाढलेली नसते, उघडी पडलेली असते. दांडा खरंच सरकला का हे पाहायचं असेल तर महिना तोच, तिथी तीच आणि वर्षं वेगळी घ्या. वेळ बंदराच्या भरतीच्या तक्त्याशी ताडून पाहा, कारण पाऊणपटीचा हिशेब ढोबळ आहे. आणखी एक गोष्ट: उधाणाच्या दिवसांतली मोठी सुकती (ओहोटी) सकाळ-संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास असते, त्यामुळे ती या चित्रांत सापडतच नाही.

वनस्पती दाखवायला एनडीव्हीआय हा तयार थर आहे. जवळचं अवरक्त आणि तांबडा प्रकाश यांच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागायचं. उत्तर १ कडे गेलं की दाट हिरवाई. ऑक्टोबरचं चित्र घेतलंत तर सड्यावरचं (कातळी पठारावरचं) गवत आणि हापूसची बाग सारखीच हिरवी दिसेल आणि मुलं कातळाला जंगल म्हणतील. एप्रिलचं चित्र शेजारी लावा: गवत वाळून सडा तपकिरी झालेला असतो, आंबा-काजू हिरवाच राहतो.

पडद्यावरचा मजकूर मराठीत नाही, ही मोठी उणीव. रेंजचा भरवसाही नको. चित्रं आदल्या दिवशी उतरवून, तारीख आणि तिथी लिहून ठेवा.

पावसाळ्यात ढगांमुळे सेंटिनेल-२ जवळजवळ निकामी होतो. तेव्हा सेंटिनेल-१ चं रडार घ्या, ते ढगांतून आरपार पाहतं. संथ पाणी त्यात काळं दिसतं, कारण रडारच्या लहरी त्यावरून आरशावरून व्हाव्यात तशा पलीकडे परावर्तित होतात. चिपळूणचा २२ जुलै २०२१ चा पूर दाखवताना मात्र जपा. उपग्रह वरून गेला तेव्हा पाणी ओसरलेलं असू शकतं, आणि जुलैत लावणीची भरलेली खाचरंही तशीच काळी दिसतात. पुराच्या आधीच्या आठवड्यातलं चित्र शेजारी नसेल तर मुलं प्रत्येक मळ्यात पूर पाहतील.